भुऱ्याने आणलेली भुजली

अलका आत्याने कुत्रा आणला त्या दिवशी ती गोंदियाहून आमच्या गावापर्यंत पायी आली. गाव कामठ्याच्या पुढे. एरवी ती काळीपिवळी जीपने यायची, पण त्या दिवशी जीपवाल्याने कुत्रा बघून दार लावून घेतलं. "बाई, तू बस, जनावर नको," तो म्हणाला. "मंग तूच बस," असं म्हणून आत्या चालायला लागली. सकाळी निघालेली बाई दिवेलागणीला पोचली, कारण वाटेत पाणी दिसलं की कुत्रा त्यात. कालवा झाला, शेतातलं तळं म्हणजे बोडी झाली, कुणाच्या वाडीतला हौद झाला, म्हशी बसायचं डबकंही झालं. दर वेळी आत्या काठावर उभी राहून त्याची वाट बघायची. घरी येऊन त्याने पहिलं काम केलं ते अंग झटकायचं. आबाच्या पांढऱ्या सदऱ्याची पार वाट लागली.

"हे काय आणलं व?" आबाने विचारलं.

"कुत्रा हाय."

"ते दिसून राहिलं. काऊन आणला?"

"मरून राहिला होता तिथं."

आबा म्हणजे माझे आजोबा, यादोराव. मी स्नेहल, त्यांच्या मुलाची मुलगी. तेव्हा मी नववीत होते आणि आत्यावर माझा फार जीव होता, अजूनही आहे, म्हणून हे सांगताना मी दोन्ही बाजू तोलून मापून सांगेन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

आत्याचं लग्न बालाघाटकडे झालं होतं. नवरा कामाला जाताना बाहेरून कडी लावून जायचा. दुसऱ्या वर्षी एकदा कडी लावायची राहिली आणि आत्या पेटी डोक्यावर घेऊन माहेरी आली. समजूत काढायला आलेल्या पाहुण्यांना तिने चहा पाजला आणि आले तसे परत पाठवलं. मग ती गोंदियाला एका डॉक्टरांच्या बंगल्यावर भांडीधुणी करायला लागली. कुत्रा तिथला.

डॉक्टरांच्या मुलांनी हट्ट केला म्हणून लॅब्राडोरचं पिल्लू आणलं होतं. फिकट पिवळं, मऊ, कुणीही मांडीवर घ्यावं असं. सहा महिने मांडीवर बसलं आणि मग वाढलं. ही जात मुळात कामाची, मच्छीमारांसोबत थंड पाण्यात उड्या मारून जाळी ओढणारी, पडलेलं उचलून आणणारी. त्याला बंगल्यात काम काय, तर सोफ्यावर न चढणं. मग तो कूलरच्या पाण्यात बसायला लागला, बागेचा पाइप ओढून न्यायला लागला, एकदा पाण्याच्या टाकीत उतरला. शेवटी त्याला मागच्या बाजूला मोटरपंपाजवळ साखळीने बांधलं. दिवसभर बांधलेला तो कुत्रा आपलाच पुढचा पाय चाटायचा, मग चावायचा. आत मांस दिसायला लागलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रविवारी वॉचमन त्याला सालेकशाच्या जंगलात सोडून येईल. आत्या भांडी घासत होती. तिने हात पुसले, साखळी सोडली, ती फाटकाला अडकवली आणि कुत्रा घेऊन निघून आली. आत्याने काम सोडलं की तिचं काम सुटलं, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.

बंगल्यात त्याचं नाव काहीतरी इंग्रजी होतं. आमच्याकडे तो भुऱ्या झाला.

भुऱ्यासोबत राहणं म्हणजे काय ते सांगते. त्याची शेपूट जाडजूड, आणि आनंद झाला की ती कुठे लागेल याचा नेम नसायचा. चुलीजवळचा तांब्या, आबाचा चष्मा, माझी शाईची दौत, सगळं त्या शेपटीने खाली घेतलं. आईने वाळत घातलेली मोहफुलं तो खाऊन टाकायचा आणि मग अंगणात पाय पसरून समाधानाने झोपायचा. सकाळी उजाडायच्या आत त्याला पळायला पाहिजे, दुपारी पाणी पाहिजे, संध्याकाळी पुन्हा पळायला पाहिजे. एक दिवस नेलं नाही तर तो अंगणात खड्डा खणायचा, असा की आईने त्यात खरंच पपईचं झाड लावलं. पण पायाची जखम भरली. महिन्याभरात त्या जागी नवे केस आले. आत्या त्या जागेवरून बोट फिरवायची आणि डॉक्टरांच्या सगळ्या खानदानाला शिव्या घालायची.

आणि तो वस्तू आणायचा. फेकलेली आणायचा, पडलेली आणायचा, नुसती ठेवलेलीही आणायचा. शेजारच्यांची चप्पल, वाहत चाललेली फांदी, एकदा कुणाच्या तरी खुराड्यातलं अंडं, न फोडता. हे सगळं तो फक्त आत्याच्या पायाशी ठेवायचा. दुसऱ्या कुणाकडे तो तेव्हा आपणहून काही नेत नसे.

त्या पावसाळ्यात आत्या धानाच्या रोवणीला जायला लागली. चिखलाच्या बांधीत बाया रांगेने वाकलेल्या, आणि कडेच्या धुऱ्यावरून पऱ्ह्यांच्या म्हणजे रोपांच्या पेंड्या त्यांच्या मागे फेकल्या जातात, म्हणजे हाताशी येतात. भुऱ्याला वाटलं, हा आपल्यासाठीच मांडलेला खेळ. एकेक पेंडी तोंडात धरून, पोटापर्यंतच्या पाण्यातून उड्या मारत, त्याने सगळ्या पेंड्या परत आणून आत्याजवळ ढीग लावला. बाया हसून हसून चिखलात बसल्या. रोवणीच्या टोळीची मुकादम शामकला म्हातारी, छत्तीसगडकडची, ती म्हणाली, "अलका, इसको भी मजुरी दे." चार दिवसांत आत्याने त्याला शिकवलं: शिटी वाजली की थांबायचं, हात केला त्या बाईकडे पेंडी न्यायची. मग तो खरंच कामाला लागला. पाण्यात असायचं आणि काहीतरी वाहून न्यायचं, एवढंच त्याला आयुष्याकडून हवं होतं. किती माणसांना आपल्याला काय हवं ते इतकं नीट कळतं, मला माहीत नाही.

आता तलावाकडे येते, कारण खरी गोष्ट तिथली आहे.

आमच्या गावाचा तलाव मालगुजारीच्या काळातला. उंच पाळ, पाळीवर आंब्याची झाडं, मधोमध रुंद पायऱ्यांचा दगडी घाट. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातली माणसं उतरायची ती सांडव्याकडून, जिथे म्हशी बसतात आणि पाय गाळात रुततो. घाटावर पाटी लावलेली नव्हती. कुणी कुणाला अडवतही नव्हतं, कारण कुणी जातच नव्हतं. भुऱ्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. वरच्या पायरीवरून धावत येऊन थेट खोल पाण्यात उडी मारता येते, हे त्याने पहिल्याच दिवशी हेरलं. कुत्रा घाटावर गेला, म्हणून आत्या घाटावर. आणि एकदा तिथे स्वच्छ दगडावर कपडे आपटून बघितल्यावर ती परत गाळात कशाला जाते!

लोकांनी बघितलं, कुजबुज केली, पण बोललं कुणी नाही. भुजलीच्या दिवसापर्यंत.

भुजली हा आमचा सण नाही. राखीच्या दुसऱ्या दिवशी असतो. आमच्या भागात छत्तीसगडकडून आलेल्या बाया तो पाळतात, आणि त्यांचं बघून इतर हिंदू घरांतल्याही. टोपलीत गहू पेरून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात. पिवळसर नाजूक कोंब येतात, तीच भुजली. ती डोक्यावर घेऊन, गाणी म्हणत बाया तलावावर जातात. चार कोंब उपटून घेतात आणि टोपली पाण्यात सोडतात. मग ते कोंब एकमेकींच्या कानामागे खोचतात. ज्या दोघी असे कोंब खोचतील त्या जन्मभराच्या मैत्रिणी. त्यानंतर त्यांनी एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, भुजली म्हणूनच हाक मारायची. सख्ख्या बहिणीपेक्षा हे नातं मोठं मानतात, आणि भुजलीच्या घराचं वाईट चिंतलं तर पाप लागतं म्हणतात.

आमच्या गावात या सणाचा पुढाकार देवकाबाईंचा. ईश्वरदास किराणावाल्याची बायको. ईश्वरदासचं दुकान, धानाची खरेदी, ट्रॅक्टर, तलावातल्या मासळीचा ठेका, सगळंच. देवकाबाई डोंगरगडकडच्या. तीस वर्षं दर साली त्यांची टोपली सगळ्यांत मोठी असायची. पण त्यांच्या कानामागे कोंब मात्र कुणी खोचायचं नाही. शेठाणीची बरोबरीची मैत्रीण व्हायची कुणाची हिंमत? बाया त्यांच्या पाया पडायच्या आणि आपापसात कोंब बदलायच्या.

त्या दिवशी आत्या घाटाच्या एका टोकाला कपडे धूत होती. मी पिळून देत होते. भुऱ्या आंब्याखाली झोपलेला. बाया गात आल्या, टोपल्या पाण्यात सोडल्या. पाण्याचा आवाज झाला आणि भुऱ्याने डोळे उघडले.

पुढे काय झालं ते कुणीही ओळखेल. आत्याची बोटं साबणाने माखलेली, ती पुसून तोंडात घालून शिटी वाजेपर्यंत त्याने उडी मारली होती. सगळ्यांत पुढे देवकाबाईंची टोपली, बांबूची, तोंडात धरायला सोयीची कड असलेली. ती त्याने अलगद पकडली, वळला, पोहत आला, आत्याच्या पायाशी ठेवली आणि गाणाऱ्या बायांच्या मधोमध उभा राहून अंग झटकलं. गाणं थांबलं.

आत्या ती टोपली परत द्यायलाच निघाली होती. हे मी डोळ्यांनी बघितलंय. तिने भुऱ्याला दटावलं, ओले हात पदराला पुसले, टोपली दोन्ही हातांत धरली, पायऱ्या चढून देवकाबाईंसमोर गेली आणि म्हणाली, "चुकलं जी त्याचं. घ्या."

देवकाबाई एक पाऊल मागे सरल्या. "खाली ठेव तिथं," त्या म्हणाल्या.

त्यात राग नव्हता. तोच तर मुद्दा आहे. तोंडातून आपसूक निघालं ते. आम्ही ते लहानपणापासून ऐकत आलो होतो. ईश्वरदासच्या दुकानात साखरेचा पुडा ओट्यावर ठेवायचे, तिथून आम्ही उचलायचा. हातातून हातात काही जायचं नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या हातात देताना आम्ही बघायचो आणि आम्हाला दिसतंय हे त्यांनाही दिसायचं.

आत्या तशीच उभी राहिली. टोपली तिने खाली ठेवली नाही. मग एका हाताने टोपली कमरेवर घेतली, दुसऱ्या हाताने एक कोंब उपटला, आपल्याच कानामागे खोचला आणि म्हणाली, "आता नाई ठेवत. तुयाच टोपलीतली भुजली माया पायाशी चालत आली. आजपासून मी तुई भुजली."

 शामकला म्हातारी तेवढी हसली, तोंडात दात नसलेलं मोकळं हसू. "मिल गे तोर भुजली, देवका," ती म्हणाली. "अब नाव झन लेबे ओकर." म्हणजे मिळाली तुला भुजली, आता तिचं नाव घेऊ नकोस. देवकाबाईंचा चेहरा लालबुंद झाला आणि त्या टोपली न घेताच घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ओसरीवर बैठक बसली. ईश्वरदास खुर्चीवर, बाकीचे सतरंजीवर, आम्ही खाली अंगणात. ईश्वरदासने सुरुवात मासळीपासून केली. कुत्र्यामुळे मासे बिथरतात, पाणी बाटतं, देवाचं काम मोडतं. "कुत्रा बांधून ठेव, नाईतर गावाबाहेर काढ," तो आत्याला म्हणाला.

"त्याले बांधलं का तो आपलाच पाय खाते," आत्या म्हणाली. "मी बांधत नाई."

"अन् माया घरवालीले भुजली-फुजली म्हणनं बंद कर."

"ते तिनं मले सांगू दे. भुजली तिची हाय, तुमची नाई जी."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. ईश्वरदासचा पारा चढला. "मंग तुमच्या बाजूनं उतरव त्याले. घाटावर नाई."

 आबा तसे गप्पच माणूस. ते काठी टेकत उठले. "आमची बाजू कोनती जी?" त्यांनी विचारलं.

"सगळ्याइले मालूम हाय."

"मले नाई मालूम. तू सांग. सगळ्यासमोर सांग, का यादोराव, ही तुई बाजू अन् ही माई."

ईश्वरदास बोलला नाही. सरपंच बोलले नाहीत. ग्रामसेवक खिशात पेन शोधायला लागले. जे पिढ्यानपिढ्या पाळलं गेलं ते मोठ्याने उच्चारायची कुणाची छाती झाली नाही. आबा बराच वेळ उभे राहिले, उत्तराची वाट बघत. मग म्हणाले, "बरं. मंग नाईच हाय बाजू." आणि घरी चालू लागले. मागून ईश्वरदास ओरडला, की पुढच्या भुजलीला हा कुत्रा घाटावर दिसला तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून सालेकशाच्या जंगलात सोडीन, बिबट्याच्या तोंडी. गावभर साक्षी होते.

घरी आल्यावर मात्र आबा आत्यावर चिडले. "त्याहिचा कोंब तू कानात कायले खोचला? आपन सोडलं ते सगळं. माया बापानं सोडलं."

"कोंब मी कवाच फेकला," आत्या म्हणाली. "मले कोंब नाई पायजे, बाबा. तिनं माया हातून घेतलं पायजे होतं."

 आबा म्हणजे छप्पन साली वडिलांचं बोट धरून नागपूरला दीक्षेला गेलेला माणूस, पण गावच्या घाटाच्या पायऱ्या तो कधी उतरला नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते भुऱ्याला घेऊन घाटावर गेले. खालच्या पायरीवर बसले, पाय पाण्यात सोडले, आणि आपली चालायची काठी उचलून तलावात फेकली. भुऱ्याने ती आणली. पण नेहमीसारखी आत्याकडे न्यायला आत्या तिथे नव्हती. तो इकडे तिकडे बघून शेवटी आबाजवळ आला. आबांनी पुन्हा फेकली. त्यानंतर रोज संध्याकाळी, सगळ्या गावाच्या देखत, तो खेळ चालायचा. लोक म्हणायचे, यादोराव म्हातारपणी चळला. आबा म्हणायचे, "कुत्र्याले व्यायाम लागते."

ते वर्ष आम्ही ताठ मानेने आणि धाकधुकीत काढलं, दोन्ही एकदम. ईश्वरदासचा पुतण्या गुड्डू, ट्रॅक्टर चालवायचा, अंगापिंडाने दांडगा, त्याने एकदा पोहणाऱ्या भुऱ्याला दगड मारला. कान फाटला. आईने म्हटलं, कचारगडच्या बाजूला तिची मावशी राहते, तिच्याकडे देऊन टाकू कुत्रा. आत्याने जखमेवर हळद दाबली आणि त्याच संध्याकाळी त्याला घेऊन घाटावर गेली.

आणि ती देवकाबाईंना हाक मारायची सोडत नव्हती. दुकानात, हातपंपावर, बाजारात, दिसली की मोठ्याने, "काय भुजली, कशी हायेस?" सुरुवातीला त्यात निव्वळ खोड काढणं होतं, ते मी नाकारत नाही. देवकाबाई उत्तर द्यायच्या नाहीत. पण एक गोष्ट नंतर माझ्या लक्षात आली. आधी त्या आत्याला "ए अलका" म्हणायच्या. त्या दिवसापासून त्यांनी आत्याचं नाव घेतलं नाही. नोकराला सांगायच्या, "तिले काय पायजे बघ."

थंडीत एकदा दुपारी आम्ही घाटावर होतो. भुऱ्या तलावाच्या मध्यावर, फक्त डोकं आणि शेपूट वर. देवकाबाई एकट्याच पाळीवर येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या.

"थंडी नाई लागत का याले?" त्यांनी विचारलं, आत्याकडे न बघता.

"त्यालेच विचार न, भुजली."

देवकाबाई गेल्या नाहीत. पाण्याकडे बघतच म्हणाल्या, "डोंगरगडले होती माई एक. लगन झाल्यावर भेट नाई. वारली म्हंतात." आत्याने नाव विचारलं. देवकाबाईंनी मान हलवली. मेली तरी नाव घ्यायचं नसतं. मग पदर सावरून त्या उतरून गेल्या. आत्या त्या दिवशी कपडे जरा हळूच आपटत होती.

पुढची भुजली जवळ आली तसे सगळे आत्याच्या मागे लागले. एक दिवस बांध. एका दिवसाने कुत्रा मरत नाही. आबासुद्धा म्हणाले, "आपला सण नाई तो. त्या दिवशी तिथं जायचं काम नाई."

"सण त्याहिचा, तलाव गावाचा," आत्या म्हणाली. "कोनी येऊन म्हटलं असतं, बाई, आजच्या दिस सांभाळ, तर सांभाळला असता. पन हे हुकूम सोडून राहिले. हुकमानं नाई बांधत."

त्या दिवशी तिने घरातली झाडून सगळी धुणी काढली. मी तिच्यासोबत गेले.  पाळीवर ईश्वरदासचा ट्रॅक्टर उभा, ट्रॉलीचा मागचा फाळका उघडा. गुड्डू खाली, हातात जाड दोर. ईश्वरदास आंब्याखाली, पान चघळत. आणि आमच्या मागून आबा आले, काठी टेकत, हळूहळू, आणि घाटाच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले. मला रडू यायला लागलं होतं. भुऱ्याला मात्र नुसता आनंद. एवढी माणसं, एवढं पाणी.

बाया आल्या. गाणं म्हणत होत्या, पण अर्ध्या आवाजात. टोपल्या सुटल्या. आत्याने भुऱ्याला ना सोडलं ना धरलं. तिने फक्त शिटी वाजवली नाही.

तो गेला. इतक्या टोपल्यांतून त्याने पुन्हा देवकाबाईंचीच धरली, बांबूची, कड असलेली. कुत्रा सवयीचा गुलाम असतो, मी त्यात चमत्कार बघत नाही. तो परत पोहत यायला लागला तसा गुड्डू दोराचा फास करून पायऱ्या उतरला. भुऱ्याने टोपली आत्याच्या पायाशी ठेवली आणि गुड्डूने फास त्याच्या गळ्यात टाकला. भुऱ्या शेपूट हलवत होता. त्याला वाटलं, हाही खेळच. दोर ताणला तेव्हा त्याला कळलं. तो पोटावर पसरला आणि जो आवाज त्याने काढला तो मी आधी ऐकला नव्हता. आत्याने बंगल्यावर ऐकला असावा, कारण तिने दोर मधेच दोन्ही हातांनी पकडला. आबांनी काठी उचलली. गुड्डू म्हणाला, "सोड बाई, हात सोलटून जाईल."

"सोलटू दे," आत्या म्हणाली. दोर एका हाताला गुंडाळून, दुसऱ्या हाताने तिने वाकून टोपली उचलली आणि देवकाबाईंसमोर धरली. "घे, भुजली. खाली नाई ठेवत मी. मागच्या सालीही नाई ठेवली. अर्धं काम कुत्र्यानं केलं, अर्धं तुयाकडं हाय."

टोपलीतून पाणी गळत होतं.  वरून ईश्वरदास म्हणाला, "देवका, इकडं ये." त्या गेल्या नाहीत. दुसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा त्या एक पायरी खाली उतरल्या. मग आणखी एक. आत्याच्या समोर आल्या. टोपली त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. आत्याची बोटं टोपलीखाली होती, ती त्यांच्या हातात आली. मग एक कोंब उपटून त्यांनी तो आत्याच्या कानामागे खोचला, ओल्या केसांत नीट दाबून. आत्याने एक उपटला आणि त्यांच्या कानामागे खोचला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

मग देवकाबाई गुड्डूकडे वळल्या. "माया भुजलीच्या घरचा हाय तो," त्या म्हणाल्या. "दोर खाली ठेव."

गुड्डूने काकाकडे बघितलं. काका ट्रॅक्टरकडे बघत होता. गुड्डूने दोर खाली ठेवला. भुऱ्याने तो लगेच तोंडात उचलला आणि आत्याला आणून दिला.

याला गोड शेवट म्हणू नये, मला राग येतो. देवकाबाई त्यानंतर आमच्या अंगणात खूपदा आल्या, आत्याजवळ बाजेवर बसल्या, पण आमच्या घरचा भात त्यांनी आजपर्यंत खाल्लेला नाही. मी एकदा तोंडावर विचारलं, तर म्हणाल्या, "जमन जवा जमन तवा." ईश्वरदास आमच्याशी पुन्हा कधीच बोलला नाही. आबांना भुजलीचं ते नातं मान्य नव्हतंच. ते देवकाबाईंना "अलकाची ओळखीची बाई" म्हणायचे. पण घाटावर मात्र आमच्या मोहल्ल्यातल्या बाया जायला लागल्या, आधी आत्याच्या आडून, मग आपल्या आपण. आणि दर भुजलीला आदल्या दिवशी देवकाबाई यायच्या आणि म्हणायच्या, "भुजली, उद्याच्या दिस सांभाळ त्याले." आत्या सांभाळायची. दोर न बांधता, मांडीत डोकं धरून, घरी.

भुऱ्या दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात गेला. शेवटी त्याला पोहवत नव्हतं, तेव्हा तो खालच्या पायरीवर पोटापर्यंत पाण्यात बसून राहायचा. पाळीवर आंब्याखाली त्याला पुरला. त्याआधी कुणाची परवानगी मागितली नाही.

मी आता गोंदियाला राहते. गावी गेले की आत्यासोबत दुकानात जाते. देवकाबाई गल्ल्यावर असल्या तर "आली का भुजली" म्हणतात आणि सामान हातात देतात. पण बरेचदा ईश्वरदास असतो. तो म्हातारा झालाय, सवय गेली नाही. पुडा ओट्यावर ठेवतो. आत्या तो उचलत नाही. हात पुढे करून उभी राहते. मागे गिऱ्हाइकं खोळंबतात, कुणी म्हणतं घे ना बाई, उशीर होऊन राहिला. आत्या हलत नाही.